न बिघडलेल्या इंजिनाचा हिशेब

तीर्थरूप मामांना,

बसल्या खुर्चीतूनच नमस्कार. साष्टांग घालायला माझी काही हरकत नव्हती, पण आमच्या कचेरीत माझं टेबल कपाट आणि भिंत यांच्यामध्ये असं कोंबलं आहे की मी तिरकी आत शिरते आणि तिरकीच बाहेर येते. तुमची प्रकृती कशी आहे? मामींची कशी आहे? गॅरेजची कशी आहे? (तिन्ही प्रश्नांना मिळून तुम्ही दर वेळी 'ठणठणीत' असं एकच उत्तर देता. या वेळी तिन्हींची वेगवेगळी उत्तरं हवी आहेत. का, ते शेवटी येईल. लगेच शेवट काढून वाचू नका. वर्तमानपत्रही तुम्ही मागच्या पानापासून वाचता, हे मला ठाऊक आहे.)

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा आहे तसाच आहे आणि बाबाही आहेत तसेच आहेत. त्यातल्या गुडघ्यावर निदान औषध तरी मिळतं, असं आई म्हणते. मी पदवीधर झाल्यापासून गल्लीतली माणसं माझ्याकडे विजेची बिलं, चष्म्याचे नंबर आणि जावयांच्या तक्रारी घेऊन येतात ते तुम्हाला माहीतच आहे. आता नोकरी लागल्यावर त्यात गटारांची भर पडली. बाबा सगळ्यांना सांगतात की आमची मुलगी सरकारचा हिशेब बघते. खरं म्हणजे सरकारच माझा हिशेब बघतं, आणि तोही दर महिन्याला उशिरा.

तर आता मुख्य हकिगत. सरकार तरणार की बुडणार हे ठरवायचं काम गेले काही महिने तुमच्या भाचीकडे होतं. हसू नका. नव्या आरोग्य सुधारणेबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. तिशी उलटलेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा मोफत तपासणी, आणि काही निघालं तर गोळ्याही मोफत. सगळीकडे लागू करण्याआधी काही वस्त्यांमध्ये करून बघायचं ठरलं, आणि त्यात आपल्या गल्लीच्या टोकाचं आरोग्य केंद्र आलं. आता यामुळे सरकारचे पैसे वाचतात की डोक्यावरचं कर्ज वाढतं, यावरून मोठमोठी माणसं एकमेकांच्या उरावर बसली आहेत. एकाच दिवशी, एकाच आकड्यांवरून, एका वर्तमानपत्राने लिहिलं की तिजोरी फुगेल आणि दुसऱ्याने लिहिलं की आपली नातवंडं हप्ते फेडत म्हातारी होतील. (मी दोन्ही वाचली आणि दोन्ही मला पटली. हा माझा स्वभावदोष आहे.) आपल्या केंद्राचा अहवाल लिहायचं काम आमच्या मॅडमनी मला दिलं, कारण केंद्र माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे आणि मला प्रवासभत्ता द्यावा लागणार नाही. या सुधारणेतली पहिली बचत म्हणजे मी.

कामाला लागल्यावर कळलं की दुखणं वेगळंच आहे. तपासणी सुरू केली की आजार सापडतात, आजार सापडले की औषधं लागतात, औषधं लागली की खर्च होतो. म्हणजे पहिल्या वर्षी आकडा वर जाणारच. बचत होते ती नंतर, आणि तीही दिसत नाही. ज्याला झटका आला नाही तो काही कचेरीत येऊन 'मला झटका आला नाही' असं लिहून देत नाही. जो रुग्णालयात भरती झाला नाही त्याचं नाव रुग्णालयात सापडणार कसं? खर्चाला पावती असते, मामा. न घडलेल्या गोष्टीची पावती कुठून आणायची? मी या प्रश्नावर पेन्सिल चावत बसले होते, तर समोरचे हिशेबनीस काका म्हणाले, "ताई, सरकारला सगळ्यात स्वस्त पडणारा माणूस कोण, माहीत आहे? जो निवृत्तीच्या दिवसापर्यंत इमाने इतबारे कर भरतो आणि दुसऱ्या दिवशी निजल्या जागी जातो. तुमची योजना त्याला म्हातारा होईपर्यंत जगवणार. त्याची पेन्शन काय तुम्ही देणार?"

मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्या किटलीतला चहा घेतला नाही. (कपात ओतलेला तसाच ठेवला. थोडा प्यायले.) पण विचार केल्यावर वाटलं, बोलले ते कुत्सित असेल, चूक नाही. फक्त एक शंका राहिली होती म्हणून मी विचारलं, "काका, तुम्ही निवृत्त कधी होताय?" ते म्हणाले, "पुढच्या वर्षी." दुपारी त्यांनी फायलीत डोकं घालूनच विचारलं, "ते तुमचं केंद्र किती वाजेपर्यंत उघडं असतं म्हणालात?"

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग मी एक चूक केली. आढावा समिती केंद्र पाहायला येणार आहे, आणि समितीचं मत वाईट झालं तर योजना बंद होऊन केंद्राला कुलूप लागेल, हे मी जेवताना बाबांना सांगितलं. तुम्ही तुमच्या मेहुण्याला ओळखता. त्यांनी सगळा जन्म बसच्या दारात उभं राहून काढला आहे. त्यांच्या शास्त्रात नफ्यातोट्याचा एकच नियम आहे: गाडी भरली की मार्ग चालू, गाडी रिकामी की मार्ग बंद. ते फक्त "असं होय" म्हणाले आणि भात कालवायला लागले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. बाबा एवढ्या कमी शब्दांत कधीच थांबत नाहीत.

समिती यायच्या दिवशी सकाळी मी केंद्राच्या वळणावर पोचले, तर रांग केंद्राच्या दारातून निघून औषधांच्या दुकानावरून पार लाँड्रीपर्यंत गेलेली. आणि दारात, सुट्टीच्या दिवशी, खाकी गणवेश घालून, खांद्याला चामडी पिशवी लटकावून आमचे तीर्थरूप. "पुढे सरका, पुढे सरका! आत जागा आहे! दारात लटकू नका!" डेपोतली सगळी रिकामी पाळी त्यांनी आणली होती. लाँड्रीवाला इस्त्री बंद करून आला होता. आईच्या शिवणवर्गातल्या बायका आल्या होत्या. पत्ते खेळणारं मंडळ तर पत्त्यांसकट आलं होतं आणि रांगेतच डाव मांडून बसलं होतं. एवढ्यावर भागलं असतं तरी मी देवाचे आभार मानले असते. पण जी माणसं तपासून बाहेर येत होती त्यांना बाबा हाताला धरून रांगेच्या शेपटाला नेऊन उभं करत होते. मी घाबरून विचारलं, "बाबा, हे काय?" तर म्हणाले, "परतीची फेरी."

मी त्यांना बाजूला ओढून समजावायला गेले की अहो, इथे तिकीट फाडत नाहीत, इथे प्रत्येक माणसामागे सरकारच्या खिशातून पैसे जातात. तेवढ्यात समितीची गाडी आली. समितीच्या प्रमुखांना आमच्या कचेरीत काटकसर साहेब म्हणतात. ते खोलीतून निघताना पंखा बंद करतात. खोली दुसऱ्याची असली तरी करतात, आणि आत माणसं बसलेली असली तरी करतात. त्यांनी रांगेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बाबांना म्हणाले, "एवढे लोक आजारी?"

बाबांची छाती गणवेशातून बाहेर यायची तेवढी बाकी राहिली. "छे छे, साहेब! एकही आजारी नाही. सगळे ठणठणीत. मी निवडून आणलेत!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. पण केंद्राची फरशी नुकतीच पक्की बसवली आहे. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे सरकारी खर्चाने धडधाकट माणसं तपासायची, आणि तीसुद्धा दोनदा." उत्तर दिलं ते डॉक्टरीणबाईंनी. त्या आपल्या केंद्रात नव्या आहेत, बोलतात हळू, पण त्यांचं बोलणं पुन्हा सांगावं लागत नाही. म्हणाल्या, "आलेच आहेत तर होऊ द्या, साहेब. आजारी माणूस आपल्या पायाने येतोच. मला बघायचे असतात ते ठणठणीत म्हणवणारे. बसा तुम्ही आधी." साहेब बसले. पट्टा बांधला, फुगवला, सोडला. रक्तदाब एखाद्या तरण्या मुलासारखा निघाला. तुम्हाला वाटेल त्यांना आनंद झाला. ते हिरमुसले. म्हणाले, "म्हणजे एवढा खर्च वायाच गेला की."

पुढचा नंबर ड्रायव्हरकाकांचा होता. बाबांच्या गाडीचे तेच ते, ज्यांनी माझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवशी थांबा नसताना बरोबर फाटकासमोर बस उभी केली होती आणि मी उतरेपर्यंत अख्ख्या बसला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. ते खुर्चीत बसताना म्हणाले, "बाई, लवकर आटपा, मी रोज एवढं धूड हाकतो, मला काय धाड भरलीये?" डॉक्टरीणबाईंनी पट्टा बांधला. आकडा बघितला. सोडला. दुसऱ्या दंडाला बांधला. मग त्यांना आतल्या खाटेवर थोडा वेळ पडून राहायला सांगितलं आणि परत मोजला. रांगेतल्या पत्तेवाल्यांनी पत्ते खाली ठेवले.

"डोकं दुखतं?"

"दुखतं की. ड्रायव्हरचं डोकं दुखायचंच."

"डोळ्यांपुढे अंधारी येते?"

काकांनी आधी बाबांकडे पाहिलं. मग म्हणाले, "कधीतरी. वळणावर."

(हे वाक्य जरा सावकाश वाचा, मामा.)

बाबा दारातून आत आले. त्यांचा आवाज मी आजवर कधी एवढा लहान ऐकला नव्हता. "वळणावर? आणि मला बोलला नाहीस?" काका म्हणाले, "तू तिकिटं काढत होतास." साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि हळूच विचारलं की तुमच्या बसमध्ये साधारण किती माणसं असतात. हा प्रश्न बाबांना झोपेतून उठवून विचारला तरी ते उभी किती, बसलेली किती आणि पासवाली किती ते सांगतात. त्या दिवशी ते खाली फरशीकडे बघत राहिले.

काळजी करू नका, काका आता बरे आहेत. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या, डेपोने त्यांना तोवर चौकशीच्या खिडकीवर बसवलं, नोकरी गेली नाही. (ती जाईल या भीतीनेच त्यांनी तोंड मिटून ठेवलं होतं.) दरम्यान बाबांना एक बदली ड्रायव्हर मिळाला होता. त्याला ब्रेक आणि वैर यांतला फरक कळत नाही असं बाबांचं म्हणणं. गेल्या आठवड्यात आकडा ताळ्यावर आला आणि काका गाडीवर परतले. बाबांनी त्या दिवशी स्वतः फडक्याने पुढची काच पुसली. का पुसलीत विचारलं तर म्हणे, धूळ होती.

मग समितीची बैठक झाली. मॅडमचा घसा बसल्यामुळे बोलायची पाळी माझ्यावर आली. मी सुंदर भाषण तयार केलं होतं. त्यात मानवी प्रतिष्ठा होती, भावी पिढ्या होत्या, एके ठिकाणी पहाटही होती. साहेब म्हणाले, "ड्रायव्हरचं मलाही बरं वाटलं. पण भावना वेगळी, हिशेब वेगळा. या योजनेने सरकारचे पैसे वाचतात का? हो की नाही?" मामा, माझी पहाट जागच्या जागी मावळली. डोळ्यांसमोर काय आलं असेल, तर तुमचं गॅरेज. मी सुट्टीत टायरवर बसून तुमचं काम बघायची. एकदा एक गिऱ्हाईक जाम झालेलं इंजिन घेऊन आलं होतं आणि मजुरीवरून घासाघीस करत होतं. तुम्ही जळका पिस्टन त्याच्या तळहातावर ठेवून म्हणालात, "ऑइलचे पैसे वाचवलेस ना? हे घे तुझे वाचलेले पैसे." मी समितीला तेच सांगितलं. म्हटलं, जो वेळेवर ऑइल बदलतो त्याला विचारा, तो म्हणेल दर खेपेला नुसता खर्च, इंजिनाला तर काहीच झालं नाही. ते काहीच न होणं हाच त्याचा फायदा असतो. तो कुठल्याच बिलावर छापत नाहीत.

एवढ्यावर थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण तुम्हीच शिकवलंय की गाडीत खोट असेल तर विकताना आपल्या तोंडाने सांगावी. म्हणून मी पुढे म्हटलं की सगळ्याच तपासण्यांतून पैसे वाचणार नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या स्वस्त आणि झटका महाग, तिथे बहुधा वाचतील. धडधाकट माणसांना परतीच्या फेरीत पुन्हा तपासलं, तिथे नक्की बुडतील. (इथे समिती हसली. साहेब हसले नाहीत, पण त्यांची मिशी हलली.) आणि काही माणसं नुसतीच जास्त जगतील, पेन्शन घेतील, नातवंडांना शाळेत सोडतील, सरकारला महाग पडतील. पण मग ते कर्ज आपण कशासाठी काढलं ते तरी लिहू या. घर बांधायला काढलेलं कर्ज आणि जुगारात उडवायला काढलेलं कर्ज आमच्या तक्त्यात एकाच रकान्यात येतं. तो रकाना मला जरा रुंद करून द्या. माणूस महाग पडला तर पडू दे, पण तो वाचला हेही शेजारी लिहा.

मग साहेब म्हणाले, "हे तुमचे मामा स्वतः तर दर वर्षी तपासून घेत असतीलच." हा प्रश्न नव्हता, मामा. ते आपलं गृहीत धरून बोलले. मी तोंड उघडलं. तेवढ्यात चहा आला आणि बशा वाजल्या. माझा आवाज परत सापडेपर्यंत बैठकीच्या इतिवृत्तात ओळ गेली होती: 'सदर मामा स्वतः नियमित तपासणी करून घेतात.'

निर्णय चांगला झाला. योजना आणखी दोन वर्षं चालणार. अट अशी की परतीची फेरी बंद, आणि शेजारच्या ज्या वस्तीत योजना नाही तिथे किती जण भरती होतात आणि आपल्याकडे किती, हे ताडून बघायचं. म्हणजे न घडलेल्या गोष्टी मोजायची एक पद्धत मिळाली. अगदी अचूक नाही, पण पट्टी बुडवून ऑइल बघण्याइतकी बरी. कदाचित दोन वर्षांनी उत्तर 'थोडं वाचलं' असं येईल, कदाचित 'थोडं लागलं' असं. मला आता दोन्हींची भीती वाटत नाही. हिशेबनीस काकांनीही तपासून घेतलं. काही निघालं नाही. "मी सरकारला पुष्कळ महाग पडणार बघा," असं ते सगळ्यांना सांगत फिरतात. बाबा म्हणतात, मार्ग वाढवून मिळाला.

अजून लिहायचं होतं, पण साहेब आमच्या खोलीत डोकावून आत्ताच पंखा बंद करून गेले आणि घामाने अक्षरं पसरायला लागली आहेत. मामींना माझा नमस्कार सांगा, आणि पत्रासोबत एक कागद पाठवते आहे. त्यावर बाबांनी तुमच्याकडून इकडे येणाऱ्या बसच्या वेळा लिहिल्या आहेत. त्या उगाच लिहिलेल्या नाहीत.

तुमची आज्ञाधारक (फक्त तिरकी बसणारी)
भाची

ता. क. : साहेबांच्या गाडीतून खडखड आवाज येतो. मोठ्या कंपनीच्या सर्व्हिसिंगवर त्यांचा विश्वास नाही, बिलावर तर मुळीच नाही. माझं बोलणं ऐकून ते गाडी तुमच्याकडेच आणायची म्हणत आहेत. ते विसरत नाहीत. बॉनेट उघडायच्या आधी तुमचा केसपेपर मागतील. इतिवृत्त एकदा लिहिलं की बदलता येत नाही. मामा बदलता येतो का, तेवढं बघा.

आणखी एक ता. क. : तुमच्याकडे योजना अजून आलेली नाही, म्हणून तपासायला इकडेच या. बाबांच्या बसने या. ड्रायव्हरकाका म्हणतात, थांबा नसला तरी ते बरोबर केंद्राच्या दारासमोर गाडी उभी करतील. टाळ्या वाजवायच्या की नाहीत, ते तुम्ही सांगाल तसं.

शेवटची ता. क. : मला खोटं फार वेळ धरवत नाही. इतिवृत्तात ती ओळ खरंच गेली आहे, पण पुढच्या बैठकीत ती दुरुस्त करता येते, मी विचारून ठेवलंय. आणि साहेबांना स्वतःची गाडीच नाही, ते सायकलने येतात. मामींनी आईला फोन केला होता. गाडीखालून उठताना तुम्ही बॉनेट धरून डोळे मिटून उभे राहता, आणि कुणी विचारलं तर म्हणता, 'काही नाही, ऊन लागलं.' मामा, तुमच्या गॅरेजला छप्पर आहे. डॉक्टरचं नाव काढलं की 'चालू इंजिनाला पाना लावू नये' हे तुमचं वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे, पण गिऱ्हाइकांना ते तुम्ही कधीच ऐकवत नाही. पत्राच्या सुरुवातीला तुमची प्रकृती विचारली आहे. ती रीत म्हणून विचारलेली नाही.